मी फुंकलेली आग

मित्रांनो, मी एक जुना भाता आहे. तानाग्रा गावात लोहारआळीच्या टोकाला एक पडवी आहे, तिच्या कोपऱ्यात मी पडलेला असतो. गावात माझे नाव मोठे आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की यजमान त्यांना मुद्दाम इकडे घेऊन येतात आणि म्हणतात, "हाच तो. ह्यानंच अथेन्सवाल्यांना देवळातून हुसकलं." पाहुणे वाकून बघतात, कुणी माझ्या कातड्यावर कौतुकाने हात फिरवतो. त्या वेळी कुठे तोंड लपवावे ते मला कळत नाही. म्हणून जे घडले ते आज मीच सांगून टाकतो. ऐकून तुम्ही माझ्याकडे पाठ फिरवलीत तरी माझी तक्रार नाही.

मला दोघांनी बनवले. लाकूडकाम काफिसियास लोहाराचे, आणि कातडे व शिवण त्याच्या बायकोची. तिचे नाव निकारेता. ती कातडी कमावणाऱ्यांच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा माहेरून दाभण, आरी आणि मेणाचा गोळा एवढेच घेऊन आली, असे काफिसियास चेष्टेने सांगत असे. आमच्या बोइओतिया प्रांतातल्या इतर लोहारांचे भाते शेळीच्या कातड्याचे, काखेत मावतील एवढे असतात. काफिसियासला गावजेवणासाठी मोठ्या काहिली ओतायच्या होत्या, आणि त्यासाठी हवा तसा जाळ छोट्या भात्याला पेलत नव्हता. म्हणून त्याने दोन बैलांची कातडी आणली. निकारेताने ती चरबी चोळून चोळून मऊ केली आणि अख्खा हिवाळा दाराशी बसून मला शिवले. पहिल्यांदा माझ्यात वारा भरला तेव्हा तिने सगळ्या शिवणीवरून ओला हात फिरवून पाहिला. हाताला कुठेच गार लागले नाही.

"आता हा तुमच्यापेक्षा जास्त फुगेल," ती नवऱ्याला म्हणाली.

"आणि तुझ्यापेक्षा कमी फुसफुसेल," तो म्हणाला.

असे ते घर होते.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी, दारांच्या बिजागऱ्या, विहिरीच्या कड्या, काय काय म्हणून सांगू? पहिली काहील ओतली तेव्हा दोन दिवस मी थांबलो नव्हतो. ती घासूनपुसून उन्हात ठेवली, तर शेजाऱ्याच्या झुंजीच्या कोंबड्याने तिच्यात स्वतःला पाहिले आणि तिच्याशीच झुंज मांडली. तानाग्राचे कोंबडे तसे नावाजलेलेच. सगळी आळी पोट धरून हसली. त्या काहिलीत पुढे कितीतरी सणांना मसुराची आमटी शिजली. दुरून तिचा वास आला की मला वाटे, ह्यात माझाही वाटा आहे.

कोळसा मात्र आमच्याकडचा नव्हता. तो पार्नेस डोंगराच्या पलीकडून, आखार्ने गावाहून येई. आखार्ने हे अथेन्सच्या मुलखातले, लाकडाचा कोळसा पाडणाऱ्या लोणाऱ्यांचे गाव. तिथला स्मिकोन नावाचा लोणारी दर पंधरवड्याला दोन गाढवे घेऊन डोंगर उतरायचा. गाढवांच्या पाठीवर ओकचा कोळसा आणि ह्याच्या तोंडाची टकळी. कोळसा संपे, टकळी संपत नसे.

आमच्या भाषेत आगीला 'पूर' म्हणतात. तुमचा पूर पाण्याचा, आमचा आगीचा. अथेन्सकडची माणसे तोच शब्द ओठांचा चंबू करून 'प्यूर' असा उच्चारतात. स्मिकोन दारातूनच आरोळी द्यायचा, "लोहारबुवा, प्यूर पेटलंय का?"

"पूर म्हण, पूर!" काफिसियास आतून ओरडे. "ओठ काय मुका घ्यायला काढलेस?"

"तुम्ही बोइओतियाची माणसं बोलताय का डुकरं हाकताय, हेच आम्हाला कळत नाही."

"डुकरांच्या गावात वाम खायला येतोस तेव्हा बरं सगळं कळतं!"

वामीचे नाव निघाले की स्मिकोन गप्प बसे. कोपाइसच्या तळ्यातली वाम मासळी म्हणजे त्याचा जीव की प्राण. निकारेता त्याच्यासाठी एक धुरावून ठेवायची. तो जवाच्या भाकरीबरोबर ती खायचा, बोटे चाटायचा आणि म्हणायचा, "वहिनी, आमच्याकडे एवढी मोठी सभा भरते, एवढी भाषणं होतात, पण अशी वाम कुणी आणत नाही."

एका थंड सकाळी आमची भट्टी विझून पडली होती. स्मिकोन आला तो हातात रानबडीशेपेची वाळकी काठी घेऊन. ती काठी आतून भुसभुशीत असते. तिच्यात ठेवलेला निखारा आतल्या आत धुमसत राहतो, बाहेर मागमूस लागत नाही. घरच्या चुलीतला निखारा त्याने तसा डोंगरापलीकडून आणला होता.

"प्रोमेथियसानं आग अशीच तर आणली," तो म्हणाला. "देवांच्या राजानं माणसांची आग काढून घेतली होती. ह्यानं काठीत लपवली आणि चालू लागला. वरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा काठी टेकत चाललाय."

"म्हणजे चोरच की."

"चोर खरा. पण स्वतःसाठी नाही चोरली रे त्यानं."

काफिसियासने ती काठी बराच वेळ हातात फिरवली. एका टोकाने फुंकर मारली. दुसऱ्या टोकाने राख उडून स्मिकोनच्या दाढीत गेली, आणि दोघे शिंकेपर्यंत हसले. मग स्मिकोनने लंगड्या हेफाइस्तोस देवाची गोष्ट काढली. त्या देवाच्या भट्टीत वीस भाते आहेत, त्यांना कुणी दाबावे लागत नाही. देवाने मनात आणले की ते आपसूक फुंकतात. काफिसियासने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आणि हा एकविसावा."

कौतुकाने फुगायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

मग युद्ध आले. अथेन्स एका बाजूला, आमचे थीब्स आणि त्याच्याबरोबरची सगळी गावे दुसऱ्या बाजूला. डोंगरातल्या खिंडीत चौक्या बसल्या. स्मिकोन शेवटचा आला तो आडवाटेने, एकच गाढव घेऊन. त्या वर्षी आमच्या बाजूच्या फौजांनी आखार्नेभोवतीचे रान पेटवून दिले होते.

"लोणाऱ्याचं रान जाळलं," तो म्हणाला. "कोळसासुद्धा हाती लागला नाही, नुसती राख. आता येणं जमायचं नाही गड्या. सैन्याच्या यादीत नाव लागलंय माझं."

निकारेताने वाम बांधून दिली. त्याने घेतली. पुढची सात वर्षे आम्ही त्याला पाहिले नाही.

आता मला काफिसियासबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. आमच्याकडे हाताने काम करून खाणाऱ्याला सभेत मान नाही. जमीनदार आणि घोडेस्वार पुढे बसतात, लोहार, कुंभार, चांभार मागे उभे राहतात. आसोपिखोस नावाचा मोठा जमीनदार आमच्याकडे घोड्यांचे लगाम करून घेई. पण तो कधी भट्टीत पाऊल ठेवत नसे. घोड्यावरूनच हाक मारायचा, "ए लोहार, झालं का तुझं?" काफिसियास हसून उत्तर देई. घोडा दूर गेला की त्याचे हसू जाई, आणि तो मला उगाच जोरात दाबू लागे. निकारेता म्हणायची, "अहो, भात्यावर कशाला राग काढता?" तो म्हणे, "राग कुठाय?"

आठव्या वर्षी, शरदात, अथेन्सचे सैन्य आमच्या हद्दीत शिरले. समुद्राकाठी आमचे अपोलोचे देऊळ आहे, ते त्यांनी घेतले. भोवती खंदक खणला, आमच्याच मळ्यांतले द्राक्षवेल तोडले आणि खांब, वेल, माती ह्यांचा उंच तट उभारला. मग माळावर मोठी लढाई झाली. ती आम्ही जिंकली, पण तटाच्या आत एक तुकडी तशीच राहिली, देवाच्या विहिरीचे पाणी पीत. आमच्या सेनापतींनी निरोप धाडला, देऊळ सोडा, मग तुमचे मेलेले न्या. त्यांनी देऊळ सोडले नाही. माळावर प्रेते पडून राहिली, आणि वारा समुद्राकडून आला की त्यांचा वास आमच्या भट्टीपर्यंत येई. निकारेता दार लावून घ्यायची.

अशात एकदा आसोपिखोस आणि दोघे-तिघे अंगणात घोडे थांबवून बोलत होते. शिड्या लावून उपयोग झाला नव्हता, पेटते बाण मारले तर आतले लोक ओली कातडी टाकून ते विझवत होते. काफिसियास दारात उभा राहून ऐकत होता. एकदम म्हणाला, "धनी, जरा आत येता का? एक दाखवायचं आहे."

आसोपिखोसने भुवया चढवल्या, पण तो उतरला आणि आत आला. काफिसियासने एक लांब पोकळ बोरू घेतला, त्याचे टोक निखाऱ्यांवर धरले आणि दुसऱ्या टोकाने फुंकले. दूरचे निखारे लाल झाले.

"बोरूच्या जागी मोठी डोलकाठी धरा," तो म्हणाला. "चिरायची, आतून कोरायची, पुन्हा सांधायची. पुढच्या टोकाला साखळ्यांनी काहील टांगायची, तिच्यात निखारे, गंधक आणि डांबर. मागच्या टोकाला हा माझा भाता. काठी जेवढी लांब, तेवढे आपण लांब."

आसोपिखोस माझ्याकडे बघत राहिला. मग काफिसियासकडे वळला. "हे तुला सुचलं कुठनं?"

"असंच सुचलं," काफिसियास म्हणाला.

स्मिकोनचे किंवा त्याच्या काठीचे नाव त्याने घेतले नाही. मीही तिथेच होतो. मला त्या वेळी स्मिकोन आठवलासुद्धा नाही. माझ्या मनात एवढेच होते की एवढा मोठा माणूस माझ्याकडे बघतो आहे.

आठ दिवस काम चालले. जहाजाची डोलकाठी आणली, करवतीने उभी चिरली, पटाशीने कोरली, लोखंडी पत्र्याने मढवली. काहील नवी करायला वेळ नव्हता म्हणून गावजेवणाचीच उचलली. माझी एक शिवण सैल झाली होती. काफिसियासने निकारेताला सांगितले, "एवढी घट्ट करून दे. छावणीत हत्यारं दुरुस्त करायची आहेत."

"एवढा मोठा भाता? भाल्यांची पाती नीट करायला?"

"तू शीव ना."

तिने खिडकीतून बाहेर पाहिले. गाडीवर पोती होती, आणि एका पोत्याच्या तोंडाशी पिवळी भुकटी सांडली होती. तिने दोऱ्याला मेण लावले आणि मला शिवले. नेहमीसारखाच बारीक टाका.

ती सकाळ कोरडी होती. डोलकाठी गाड्यांवर लादून तटापाशी नेली, जिथे द्राक्षवेलांचा भरणा जास्त होता तिथे. वरून दगड आले, बाण आले. मला मागच्या टोकाला जोडले. चार जण माझ्या फळीवर आणि पुढे हुकूम द्यायला काफिसियास, त्याचा हात माझ्या दांड्यावर.

पहिल्या फुंकरीला काहिलीतले निखारे फक्त उजळले. दुसरीला गंधक निळे झाले. तिसरीला डांबराने पेट घेतला आणि एवढा मोठा जाळ उठला की माझ्यावरचे चौघे मागे सरले. मित्रांनो, खरे सांगतो, मला आनंद झाला. माझा श्वास इतक्या लांब कधी गेला नव्हता. वेल तडतडले. आमचे लोक ओरडू लागले, "शाब्बास रे भात्या!" आणि मी फुगलो.

तटाच्या आतून आरडाओरडा सुरू झाला. "प्यूर! प्यूर!" शेकडो तोंडांतून तो एकच शब्द, ओठांचा चंबू करून म्हटलेला. सात वर्षांनी मी तो ऐकत होतो. मग एक आवाज त्या सगळ्यांच्या वर चढला.

"पाणी नको! डांबर आहे ते, पाण्यानं पसरेल! माती टाका, ओली माती! भट्टी झाकतो तशी झाका!"

आग कशी झाकावी हे लोणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? आणि तो आवाज आमच्या दारातून कितीतरी वेळा आला होता.

मातीचे ढीग वरून कोसळू लागले. जाळ उतरू लागला. काफिसियासचा हात माझ्या दांड्यावर थांबला. चौघे त्याच्याकडे बघू लागले. एक श्वास, दोन श्वास, तीन श्वास एवढा वेळ तो तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. आणखी थोडा वेळ थांबला असता तर काहिलीतले निखारे मातीखाली गेले असते आणि सगळे तिथेच आटपले असते.

तेवढ्यात आसोपिखोस पाठीमागून आला. त्याने काफिसियासच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय काफिसियास," तो म्हणाला, "दमलात?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्याला नावाने हाक मारली होती, आणि पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटले होते.

"नाही," काफिसियास म्हणाला, आणि त्याने दांडा दाबला.

मी कातडे आणि लाकूड आहे, दाबले की फुंकणारच, असे मला म्हणता येईल. पण त्या तीन श्वासांच्या वेळात माझ्या मनात काय होते ते मला ठाऊक आहे. माझ्या मनात होते, दाबा, लवकर दाबा, जाळ उतरतो आहे, लोक काय म्हणतील! स्मिकोनचा आवाज ओळखल्यावरसुद्धा मला तसे वाटत होते. ही लाज मी अजून कुणाला सांगितली नव्हती.

दुपारपर्यंत तट कोसळला. आतले पुष्कळ जण जहाजांकडे पळाले आणि वाचले. काही मारले गेले, काही धुरात गुदमरले. दोनशेच्या आसपास पकडले गेले. कैद्यांची रांग गाडीजवळून गेली तेव्हा काफिसियास माझ्याआड वाकून उगाच दोऱ्या सोडत बसला. त्याने मान वर केली नाही.

गावात माझी मिरवणूक निघाली. माझ्या नळीला ऑलिव्हच्या डहाळ्यांचा हार घातला होता. जेवणाला काफिसियासला आसोपिखोसशेजारी बसवले आणि बैलाच्या मांसाचा मोठा तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवला. मला परत भट्टीत आणून ठेवले तेव्हा निकारेता आली. तिने नेहमीसारखा शिवणीवरून हात फिरवला आणि नाकाशी नेला.

"आत कोण होतं?" तिने विचारले.

"अथेन्सवाले."

"त्यांना नावं नव्हती?"

काफिसियास माझ्या नळीवरचा हार काढू लागला. मी पाहत होतो, दोन्ही रात्री तो झोपेतून उठून भट्टीत येई आणि ऐरणीवरचा घण उगाच इकडचा तिकडे ठेवी. शेवटी त्याने तिला सगळे सांगितले. फक्त आवाज कुणाचा होता ते सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी हुकूम आला की कैद्यांना बेड्या घालायच्या आहेत. पहारेकरी त्यांना एकेक करून भट्टीत आणू लागले. अकरावा की बारावा माणूस दारात आला, त्याच्या दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. भुवया जळून गेल्या होत्या. चेहऱ्याची एक बाजू सोललेली दिसत होती. मी त्याला ओळखले नाही. तो घोगऱ्या आवाजात बोलला तेव्हा ओळखले.

"लोहारबुवा, पूर पेटलंय का?"

त्याने आमच्यासारखा उच्चार केला होता. सरळ, ओठांचा चंबू न करता.

काफिसियासच्या हातातली सांडशी खाली पडली. स्मिकोनने माझ्याकडे पाहिले.

"ह्याचा श्वास मी तटापलीकडून ओळखला," तो म्हणाला. "एवढा लांब श्वास दुसऱ्या कुठल्या भात्याचा नाही. एकच विचारतो. तुझ्याकडनं हिसकावून नेला ना त्यांनी?"

काफिसियास जमिनीकडे बघत म्हणाला, "हो. हिसकावून नेला. मी काय करणार?"

"वाटलंच मला." स्मिकोनच्या खांद्यावरचे ओझे उतरल्यासारखे दिसले. "आत पोरांना मी तेच सांगत होतो. हा भाता ज्याचा आहे तो माणूस असं करायचा नाही." तो स्टुलावर बसला आणि त्याने पाय पुढे केला.

निकारेता पाण्याची घागर घेऊन दारात उभी होती. तिने ती हळूच खाली ठेवली.

"खोटं आहे ते," ती म्हणाली.

"निकारेता," काफिसियास म्हणाला.

"कुणी हिसकावला नाही, भावजी. ह्यांनीच सुचवलं, ह्यांनीच दाबला. आणि शिवला मी. गाडीवर गंधकाची पोती दिसत होती मला. तरी शिवला."

स्मिकोनने तिच्याकडे पाहिले. काफिसियासकडे त्याने पाहिले नाही.

"मला खोटंच बरं वाटत होतं, वहिनी," तो म्हणाला.

पहारेकऱ्याने बाहेरून विचारले, "किती वेळ रे?"

स्मिकोनने पाय आणखी पुढे सरकवला. "ठोक बाबा. फक्त घोट्याला घासणार नाही एवढं बघ. बाकी सगळं भाजलेलंच आहे."

बेडीचा खिळा तापवायला मी फुंकले. ती माझ्या आयुष्यातली शेवटची फुंकर. स्मिकोनच्या बेडीसाठी मी ती घातली, हेही सांगायला हवे. काफिसियासने खिळा सांडशीत धरला, पण घण तसाच ऐरणीवर राहू दिला. तेव्हा निकारेताने कातडे कापायची सुरी घेतली आणि ती माझ्यापाशी आली. जिथे माझे कातडे सगळ्यांत मऊ होते, तिथून तिने वीतभर रुंदीची पट्टी कापली. मी फस्सकन रिकामा झालो.

पहारेकरी आत धावला. "ए बाई! अगं तो भाता! आसोपिखोस काय म्हणतील?"

"त्यांना सांग, शिवणारीनं फाडला," ती म्हणाली. तिने ती पट्टी स्मिकोनच्या घोट्याभोवती गुंडाळली, दोनदा, आणि मग नवऱ्याला म्हणाली, "आता ठोका."

मागून आलेल्या दोघांनाही तिने तशाच पट्ट्या कापून दिल्या. त्यानंतर पहारेकऱ्याने तिच्या हातातली सुरी काढून घेतली.

स्मिकोन तानाग्राच्या खाणीतल्या कोंडवाड्यात दोन हिवाळे होता. निकारेता त्याला रोज जवाची पेज नेऊन देई. काफिसियास तिच्याबरोबर फाटकापर्यंत जाई आणि तिथेच उभा राही. एकदा तो आत गेला. परत आला तेव्हा तिने विचारले, "काय बोललात?" तो म्हणाला, "काही नाही. शेजारी बसलो. त्यानं उठायला सांगितलं नाही." मग कैद्यांची अदलाबदल झाली आणि स्मिकोन डोंगरापलीकडे गेला. त्याने माफ केले की नाही ते मला माहीत नाही. युद्ध थांबल्यावरही त्याचा कोळसा आमच्याकडे आला नाही.

काफिसियासला सभेत पुढे जागा मिळाली होती. तो तिथे दोनदा बसला. मग जायचे बंद केले. पुढची सगळी वर्षे त्याने काखेतल्या शेळीच्या भात्यावर काढली, फाळ आणि विळे करत. गेल्या थंडीत तो वारला. निकारेताला आता दिसत नाही.

आणि आता आसोपिखोसच्या मुलाच्या मनात आले आहे की विजयाच्या सणाला मला देवळात मांडावे. थीब्सहून चांगला चांभार बोलावला आहे, बैलाचे नवे कातडे आणले आहे. फाटलेली जागा तो इतकी छान शिवणार आहे म्हणे, की कुणाला कळणारही नाही. मग मला फुगवतील, लोक टाळ्या वाजवतील, आणि कुणीतरी म्हणेल, अरे, हा तर अजून चालतो!

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगत असतील की आम्हाला जपा, पुसा, दुरुस्त करा. तसे सांगायला मला तोंड नाही. मला कौतुक सोसत नाही हे मी ओळखून आहे; पुन्हा कुणी शाब्बास म्हटले तर मी पुन्हा फुंकीन. माझ्या एवढ्या मोठ्या कातड्यातले कुणाच्या उपयोगी पडले ते तीन पट्ट्यांएवढेच. तेवढी जागा तरी उघडी राहू द्या. तुमच्यापैकी कुणाच्या हातात दाभण आलेच, तर माझी एवढी विनवणी ऐका. मला शिवू नका.